आधीचा

नऱ्ह्याच्या शेडमध्ये हेराल्ड ढकलत आणली
तेव्हा आरसी बुकात चार नावं होती
आणि सगळ्या तारांना मिळून एकच रंग.
साठ वर्षांच्या तेला-धुरात
लाल, हिरवी, जांभळी, सगळ्या मातकट झालेल्या.

हिचं बॉनेट पुढे उलटतं, सगळं पोट उघडं पडतं.
मी बॅटरी मारली आणि पहिला शब्द निघाला तो हा:
कोण हा गाढव?

मग त्याचं नावच पडलं. आधीचा.
आधीच्याने फ्यूजच्या जागी
सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीय.
आधीच्याने कार्बोरेटर भलत्याच गाडीचा चढवलाय,
बसेना म्हणून मधे चपलेचं रबर,
पेट्रोल पिऊन पुरीसारखं फुगलेलं.
हिचं धन टोक जमिनीला असायचं. आधीच्याने बॅटरी फिरवली,
कॉइल फिरवायचं विसरला.
किती वर्षं ती ठिणगी उलट्या पावलांनी चालत आली असेल.

नाना पेठेत नजीरभाईंनी तो कार्बोरेटर हातात खेळवला.
"हेराल्डचा नाही. पण चालत होती ना गाडी?
मग हेराल्डचाच."

रात्री आरसी बुक घेऊन बसायचो,
गुन्हे वाटून द्यायचो.
मेजर अल्मेडा, घोरपडी: यांच्यावर आरोप नाही,
यांनी नवी घेतली होती.
वि. ना. गुळवणी, सदाशिव पेठ:
हॉर्नला दारावरच्या घंटेचं बटण,
त्याखाली पांढऱ्या रंगात, बारीक ब्रशने, 'एकदाच दाबावे'.
ज्ञानोबा काळभोर, लोणी:
ट्रॅक्टरचा दिवा, मागे ओढणीचा हूक, सीटखाली कडब्याच्या काड्या.

उरली सीट.
चार इंच पुढे सरकवून, पत्र्याला नवी भोकं पाडून बसवलेली.
स्टीअरिंग छातीत रुतायचं, गुडघे कानाशी.
पेडलांवर लाकडाचे ठोकळे.
तीन दिवस मी काळभोरांच्या सात पिढ्या काढल्या.

चौथ्या दिवशी पाना लावला.
बोल्ट गंजला नव्हता. खाली वॉशर,
त्याखाली स्प्रिंग वॉशर, वर ग्रीसचा हात.
अख्ख्या गाडीत इतकं नीट काम दुसरं नव्हतं.
ठोकळा बाभळीचा, कडा घासून गोल केलेल्या,
वर चपलेचा तळवा ठोकलेला,
क्लचवरचा झिजून वाटीसारखा.
उलटा केला तर निळ्या खडूत, शिंपी वापरतात त्या,
एकच अक्षर: डा.

मान वर केली.
छताचं कापड फाटलं होतं तिथे टीप घातलेली,
मुंगीच्या पावलाएवढी,
जी मी तीन दिवस डोक्यावर घेऊन शिव्या देत होतो.

आरसी बुकातलं तिसरं नाव मी वाचलंच नव्हतं नीट.
कु. इंदुमती खळदकर, नारायण पेठ.

आधीचा नव्हे. आधीची.
उंची चार फूट सात, फार तर आठ.
आरसाही तिनेच खाली घेतला असणार.
लकडी पुलावर सायकलींच्या लोंढ्यात
ही बाई हाफ क्लचवर उभी आहे,
ठोकळ्यावर पंजा टेकून, आणि गाडी मागे जात नाही.

ठोकळे मी काढले. माझे पाय लांब आहेत, इलाज नाही.
सीट मागे गेली. तिची भोकं उघडी पडली.
वेल्डर म्हणाला, बुजवू?
म्हटलं, नको, रबराची बुचं लाव.

वायरिंग मूळचं मिळालं नाही. तीन बुधवार जुना बाजार पालथा घातला.
शेवटी मारुतीचा फ्यूज बॉक्स बसवला,
आणि उजव्या दाराच्या पत्र्यावर, आतून, मार्करने लिहिलं:
लाल दिसते ती लाल नाही. हिरवी दिव्यांची.
फ्यूज बॉक्स माझा, पार्ट मिळेना म्हणून.
शिव्या द्या, पण आधी वाचा.

मग वर पॅनल चढवलं, एकेक क्लिप दाबत.
शेवटची तुटली.
तिथे स्क्रू मारला.